दिवसाची बाटली

"नाही, हिला गोळ्या लागू पडणार नाहीत." मुंबईहून महिन्यातून एकदा पनवेलच्या दवाखान्यात येणाऱ्या डॉक्टरांनी कागद मिटला. "लघवीत हार्मोनचा आकडा जास्त निघाला, तर या गोळ्यांनी चेहऱ्यावरचे केस कमी होतात. हिचा आकडा अगदीच कमी आहे. उगाच कशाला पोटात औषध घालायचं?"

मालूने हनुवटीवरचं फडकं घट्ट केलं. दाराशी तिचा नवरा शिवा उभा होता. दाढीवाली बायको नको म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याने तिला करंजाड्याला माहेरी धाडली होती. डॉक्टर गुण येईल म्हणाले तर सासरी, कोन गावाला, परत नेईन, नाहीतर दुसरी बघतो, एवढंच त्याचं म्हणणं. पठ्ठ्याने सगळं ऐकलं आणि चपला पायात घातल्या.

मिठागरावर मालूचं बरं चालायचं. तिथल्या पांढऱ्या उन्हात सगळ्याच बायका तोंडाला फडकं गुंडाळतात, कोण कोणाची हनुवटी बघतं? हाल व्हायचे ते पावसाळ्यात, मिठागर बंद पडलं की. मग चुलीची राख बोटांना लावून ती केस उपटत बसे, आणि चार दिवसांत ते मेले पुन्हा हजर.

नर्स एस्थरबाईंनी कागद उचलला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "मालू, चोवीस तासांत एवढीशीच? तुझी बाटली अर्धीसुद्धा भरली नव्हती."

"चोवीस तास कुठं, बाय? तुमीच बोलल्या ना, एका दिवसाची आन. उगवतीपासून मावलतीपर्यंत सगली धरली. थेंब नाय सांडला."

"आणि रात्रीची?"

"रातची दिवसात कशी धरायची?"

एस्थरबाई स्टुलावर बसल्या. त्यांच्या ज्यू घरात दिवस संध्याकाळीच सुरू व्हायचा. शनिवारचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र वार, शुक्रवारी दिवेलागणीला लागे. रात्र दिवसात नसते असं कोणाला वाटू शकेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "हा आकडा खोटा आहे, मालू. खरा जास्त निघेल किंवा नाहीही निघणार. पण हा खोटा."

मालू धावतच बाहेर आली. शिवा एसटी स्टँडच्या वाटेला लागला होता.

"आवो, थांबा! आकडा चुकलाय. परत बगायचाय."

"डाक्टर बोलला ता मी आयकला." शिवा थांबलासुद्धा नाही. "आता किती वेला बगायचा? आयनं पोर बगून ठेवलीय."

भर रस्त्यात मालूला रडू कोसळलं. मनसोक्त रडली. मग पदराने डोळे पुसून दवाखान्यात परत गेली.

"बाय, दुसरी बाटली द्या."

बाटली मिळाली ती डॉक्टरांच्या पुढच्या फेरीच्या वेळी. तोवर कोनहून काडीमोडाचा निरोप येऊन गेला होता, आणि शिवाची सुपारीही फुटली होती.

"आता कोनासाठी गो ही बाटली?" आई भामा कळवळून म्हणाली. "घरवाला तर गेला."

"आकडा काय त्याचा व्हता, आये? माजा हाय. औषध लागू पडंल का नाय, मला समजला पायजे."

तिने उगवतीला सुरुवात केली आणि दुसऱ्या उगवतीला थांबली. रात्री चारदा उठली. बाटली पाटीत घालून डोक्यावर घेतली आणि पनवेलची वाट धरली. चार दिवस राखेला हात लावायलाही सवड झाली नव्हती.

बाजाराच्या तोंडाशी डोक्यावर काहीतरी हिंदकळलं. पाटी उतरवून बघते तो बूच निसटून कुठेतरी पडलेलं. एक थेंब सांडला तरी पुन्हा खोटा आकडा! मालूने इकडेतिकडे पाहिलं. मग हनुवटीचं फडकं सोडलं, घडी करून बाटलीच्या तोंडावर आवळून बांधलं, आणि बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरून बाजारातून चालू लागली.

एका मासळीवालीने दुसरीला कोपराने ढोसलं. मालूची नजर बाटलीवर होती. ती भराभर चाललीही नाही, कारण भराभर चाललं की सांडतं.

दवाखान्यात एस्थरबाईंनी बाटलीला बांधलेलं फडकं पाहिलं, मग मालूची उघडी हनुवटी. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"पूर्ण आहे?"

"हाय," मालू म्हणाली. "रात धरून."