घाटातला पहिला नंबर

"मामा, ते शेअर विकून टाका. अजून निम्मे तरी हातात येतील," साधनाने फोन सासऱ्यांपुढे धरत सांगितलं. सकाळपासून ती हेच सांगत होती आणि कुशाबा रिकाम्या दावणीकडे बघत होते.

घाटातल्या बैलगाडा शर्यतीत पळणारा एक बैल विकून त्यांना दोन आणायचे होते. पिंपरी पेंढारच्या सोमाजीने बैल नेताना शब्द दिला होता, की यात्रेपर्यंत तेवढेच पैसे आणले तर बैल परत. मग कुशाबांनी सुनेच्या मागे लागून सगळी रक्कम कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या एका लहान परदेशी कंपनीच्या शेअरमध्ये घालायला लावली. साधना पतसंस्थेत कामाला. सारा बाजार एका मोठ्या कंपनीच्या मुठीत आहे, हे तिने तेव्हाच बजावलं होतं. पण लहान कंपनीची नवी चिप मोठीच्या तोडीस तोड पळणार, हे कुशाबांनी टीव्हीवर ऐकलं होतं.

चिप आली. मोठीइतकीच पळाली. शेअर मात्र निम्म्यावर आला.

"सेकंद सारखंच हाय ना?" कुशाबा म्हणाले. "आपल्या घाटात तेवढ्या सेकंदात येतील ते समदे गाडे पहिल्या नंबरात. बक्षीस वाटून."

"तिथं वाटून नाय देत, मामा."

तिने कपाळाला हात लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. लोकांची सगळी कामं मोठ्या कंपनीच्या चिपवर बसवलेली. तेवढ्याच वेगासाठी ती मोडून नव्याने कोण बसवणार? गिऱ्हाईक फोडायचं तर नुसत्या बरोबरीने भागत नाही.

"मंग घड्याळ कशाला लावत्यात?"

साधना फोन घेऊन आत गेली. संध्याकाळी, कंटाळून, कुशाबांनीच विकायला सांगितलं. निम्म्या पैशात बैल द्यायला सोमाजी नाही म्हणाला. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं.

यात्रेला जाऊ नका म्हणून साधनाने परोपरीने सांगितलं. कुशाबा ऐकेनात, तेव्हा तीही चरफडत सोबत गेली. सोमाजीचा गाडा पहिल्या नंबरात आला. घाटाच्या माथ्यावर, धापा टाकणाऱ्या त्या विकलेल्या बैलाने गर्दीतून मान लांबवली आणि तो कुशाबांचा सदरा हुंगू लागला.

"हात तरी फिरवा की, मामा," साधना म्हणाली.

कुशाबांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"मालकाला इचारलं न्हाई अजून," ते म्हणाले, आणि सोमाजी कुठे दिसतो का ते बघू लागले.