गादीच्या मधोमध

आमच्या हितेशला वाटतं, त्याची आई पेनड्राइव्हमध्ये सुखरूप आहे. त्यानं तो मला तळहातावर ठेवून दाखवला. आता टेप तुटायची भीती नाही, बुरशी लागायची भीती नाही, शंभर वर्षांनीही आवाज असाच्या असा राहील, म्हणाला. मी मान डोलावली. पोरगा वाईट नाही. जन्मभर कापडाच्या दुकानात वाढून त्याला कापड कळलं नाही, एवढंच.

जुन्नरच्या बाजारपेठेत आमचं दुकान होतं. 'होतं' म्हणायची माझ्या जिभेला अजून सवय लागलेली नाही. दुकान अरुंद आणि खोल. दोन्ही भिंतींना जमिनीपासून वरपर्यंत लाकडी खण आणि खणांत कापडाचे तागे. डावीकडे साड्या, नऊवारी लुगडी, ब्लाउजपीस. उजवीकडे मांजरपाट, पॉपलीन, चादरी, आहेराचे टॉवेल. समोरच्या टोकाला गादी आणि दोन तक्के. मी दुपारी घरी जेवायला गेलो की माझी बायको मोहनबाई त्या गादीवर बसायची. गिऱ्हाईक नसलं की साड्यांच्या घड्या घालत हळू आवाजात स्तवन म्हणायची.

हितेश शाळेत असताना त्याच्या मामानं त्याला टेपरेकॉर्डर दिला होता. त्यानं एकदा आईच्या नकळत तो तक्क्यामागे ठेवला. टेपमध्ये एक अख्खं स्तवन आहे. मध्येच कुणी बाई येते, मोहनबाई गाणं सोडते आणि म्हणते, "घ्या हो मावशी. धुऊन बघा, रंग जायचा नाही." मग तागा उलगडल्याचा आवाज, आणि जिथे सोडली होती तिथूनच पुढची ओळ. ती गेली तेव्हा घरात तिचे फोटो ढीगभर निघाले. आवाज एवढाच होता.

दुकानात माझा एक जुना डेक होता आणि त्याचे दोन लाकडी स्पीकर. एक डावीकडच्या खणात, एक उजवीकडच्या, दोन्ही ताग्यांच्या मध्ये खुपसलेले. यात माझी काही अक्कलहुशारी नव्हती, दुसरीकडे जागाच नव्हती. ती गेल्यावर एका दुपारी मी शटर अर्ध्यावर ओढलं, टेप लावली आणि कधी नव्हे ते गिऱ्हाइकाच्या स्टुलावर, गादीकडे तोंड करून बसलो.

आवाज डावीकडच्या स्पीकरमधून आला नाही. उजवीकडच्यातूनही नाही. तो गादीच्या मधोमध, जिथे कोणीच नव्हतं, तिथून आला. बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून. मी ताडकन उठलो तर आवाज फुटून दोन्हीकडे गेला. परत स्टुलावर टेकलो, तर ती परत गादीवर. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण मी सांगतो, ती तिथे बसलेली होती. मला तिची मान कुठे आहे तेसुद्धा कळत होतं.

त्यानंतर माझी प्रत्येक दुपार तशीच गेली. ते स्टूल मी कोणाला तसूभर हलवू दिलं नाही. गिऱ्हाइकं उभी राहायची आणि मनात शिव्या घालायची.

पण कापडाचे दिवस संपले होते. लग्नाचा बस्ता बांधायला लोक पुण्याला जायला लागले, राहिलेले फोनवरून मागवायला लागले. हितेशचं हार्डवेअरचं दुकान नारायणगावात, नवं घर शेजारी वारूळवाडीत. त्याला आणि सुनेला, टीनाला, मी एकटा जुन्नरला राहतो याची काळजी. दुकान बंद करून भाड्यानं द्यायचं ठरलं तेव्हा हो मीच म्हणालो होतो, हे लपवत नाही. गुडघे बोलायला लागले होते. टेप आणि डेक तर बरोबर येणारच आहेत, मग अडचण कसली, असं मला वाटलं.

सगळा माल निम्म्या भावात, असा फलक लागला आणि बायकांची झुंबड उडाली. आधी अर्थातच साड्या गेल्या. त्याच आठवड्यात एका दुपारी मी शटर ओढून टेप लावली, तर मोहनबाई गादीवर नव्हती.

ती डावीकडे सरकली होती. पार भिंतीला टेकून, आणि आवाजात कधी नव्हता तो कोरडेपणा.  वाटलं, टेप गेली. हितेशला बोलावून वायरी बदलून घेतल्या, डेकचं हेड स्पिरिटनं पुसून घेतलं. काही फरक नाही. तो गेल्यावर डोकं धरून बसलो होतो. एक डास कानाशी गुणगुणत होता, त्याला मारायला टाळी वाजवली. टाळी डावीकडच्या भिंतीवरून माझ्या अंगावर परत आली.

मी पुन्हा वाजवली. उजवीकडे ताग्यांनी ती गिळून टाकली, डावीकडच्या रिकाम्या खणांनी परत फेकली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. टेपला काही झालं नव्हतं, स्पीकरला काही झालं नव्हतं. तिला गादीवर बसवलं होतं ते माझ्या मालानं, दोन्ही भिंतींवर आवाज सारखाच गिळून. आणि मी तो निम्म्या भावात विकायला काढला होता.

त्या दिवशी मी उजवीकडचे मांजरपाटाचे तागे उचलून डावीकडे लावले. गुडघे मरणाचे दुखले. पण ती थोडी मध्ये आली. पुढे रोज माझा तोच उद्योग: सकाळी जेवढं विकलं जाईल तेवढं दुपारी इकडचं तिकडे लावून तिला सावरून धरायचं. माल कमी होत गेला तशी ती पातळ होत गेली. मग मी विकणंच टाळायला लागलो.

ठकूबाई आमची जुनी गिऱ्हाईक. नातीच्या लग्नात द्यायला तिला सगळ्या चादरी एकरकमी हव्या होत्या. चादरी म्हणजे सगळ्यात जाड माल. त्या गेल्या असत्या तर उजवी भिंत उघडी पडली असती.

"नका घेऊ," मी म्हणालो. "रंग जातो."

ठकूबाईनं चादर खाली ठेवली आणि माझ्याकडे बघतच राहिली. "शेठ, मोहनबाई असत्या तर त्यांना काय वाटलं असतं? लई वर्सं झाली, ह्या दुकानात असं कंदी कुनी बोललं न्हाई."

ती रिकाम्या हातानं गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विक्रीला मदत करायला आलेल्या हितेशनं हे ऐकलं होतं. त्यानं आवाज चढवला, मीही चढवला, आणि रागाच्या भरात जे सांगायचं नव्हतं ते सांगून बसलो की, अरे, तुझी आई गादीवरून उठून चाललीये. त्यानं टीनाकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी दोघं मला कान तपासायला घेऊन गेले. कान वयाच्या मानानं उत्तम आहेत, असं डॉक्टर म्हणाले. मग हितेशला आणखीच काळजी वाटली.

राहिलेला सगळा माल त्यानं एकदम काढला. घोडेगावचा भरत आठवडे बाजारात कापड विकतो, त्यानं तो पिकअपमध्ये भरून नेला. एका सकाळीत दुकान रिकामं झालं. मी 'हळू' म्हणालो तर 'हळू' दोनदा ऐकू आलं. तिथे टेप लावायची माझी हिंमत झाली नाही.

मी वारूळवाडीला हितेशकडे राहायला आलो. तिथला हॉल मोठा आहे. चकचकीत फरशी, सरकत्या काचा, छताला पीओपी. टेप लावली तर मोहनबाई कुठल्यातरी सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात उभी राहून गात असल्यासारखी वाटली. प्रत्येक शब्दाच्या पाठीला त्याच शब्दाची शेपटी. मी स्पीकर इकडे ठेवले, तिकडे ठेवले, स्टूल घेऊन हॉलभर फिरलो. टीना गुणाची पोर आहे. हसली नाही. तिनं जाड पडदे लावले, सतरंजी अंथरली, सोफ्याच्या पाठींवर गोधड्या टाकल्या. शेपट्या कमी झाल्या. पण मोहनबाई बसली नाही. चारी बाजूंनी येत राहिली, म्हणजे कुठूनच नाही.

शेवटी मी टीनाला म्हटलं, मला घोडेगावला ने. तिनं हितेशला न सांगता डेक आणि स्पीकर गाडीत ठेवले आणि आम्ही मंचरवरून भरतच्या गोडाऊनला गेलो. वरती पत्रा, बाजूला सिमेंटच्या भिंती, कोपऱ्यात माझे तागे. मी त्याला ते दोन्ही बाजूंना लावायला सांगितले. भरत बिचारा भला माणूस. कारणही न विचारता त्यानं स्वतःच्या हातानं थर लावले, गठ्ठ्यांची गादी केली. मी पुढ्यात पोत्यावर बसलो आणि टेप लावली.

आवाज वरून आला. पत्र्यातून. मोहनबाईचा स्वर खाली उतरला की पत्रा थरथरायचा. मी तागे पुढे घ्यायला लावले, मागे घ्यायला लावले. शेवटी भरतनंच डेक बंद केला.

"शेठ, कापड तेच हाय," तो म्हणाला. "पर त्यातलं निम्मं डिंभ्याच्या बाजारात गेलं. अन् ह्या भिंती तुमच्या न्हाईत. आता मी काय करू, सांगा."

त्यानं काय करायचं होतं? पोराटोरांचे शर्ट झाले असतील, कुणाच्या खिडकीचे पडदे झाले असतील. ते सगळे परत गोळा करून आणायचे, असं मनात आलंसुद्धा.

येताना टीनानं गाडी बाजूला घेतली. तिचे डोळे भरले होते. "पप्पा, मला नीट सांगा ना," ती म्हणाली. "दुकानात आवाज नक्की कसा यायचा? तुम्ही सांगाल तसं मी करून बघते."

मी सांगायला तोंड उघडलं. गोड? गोड नव्हता. भारदस्त? तोही नाही. घुमायचा नाही, कोरडा नव्हता, पत्र्याचा नव्हता, फरशीचा नव्हता. कसा नव्हता ते मला भराभर सांगता येत होतं. कसा होता, ते आठवायला गेलो की पत्र्यावरचा ऐकू यायचा, त्याला बाजूला सारलं की हॉलमधला. त्याच्या मागे, दुकानातल्या आवाजापर्यंत, जाता येईना. मी टीनाला म्हणालो, चल, उशीर होतोय. मला इतकी भीती मोहनबाई गेली त्या दिवशीही वाटली नव्हती.

म्हणजे मीच ऐकून ऐकून तिला पुसत होतो. त्या दिवसापासून मी टेपला हात लावला नाही. हितेशला बरं वाटलं, पप्पा सावरले असं वाटलं त्याला. मी दुपारी पलंगावर डोळे मिटून पडायचो आणि दुकान उभं करायचो. डावीकडे साड्या, उजवीकडे चादरी, समोर गादी. एकेक तागा मला दिसायचा, रंगासकट. गादीवर मोहनबाईसुद्धा दिसायची. तिचे ओठ हलायचे. पण ऐकू काही यायचं नाही.

ऐकलं तरी जात होती, नाही ऐकलं तरी जात होती. यातून वाट नव्हती आणि हे कोणाला समजावून सांगावं असं माणूसही नव्हतं. ज्या एका माणसाला सांगितलं असतं ती तीच होती.

परवा तिची पुण्यतिथी झाली. पाहुणे आले. दिवस मावळायच्या आत जेवणं आटोपली आणि सगळे हॉलमध्ये जमले. हितेशनं मला न सांगता तयारी केली होती. नवे उंच स्पीकर आणले होते, त्यात तो पेनड्राइव्ह खोचला. "आईचा आवाज," एवढंच म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं. टीनानं माझ्याकडे बघितलं. मला उठून आत जायचं होतं, पण इतक्या माणसांतून उठता आलं नाही.

मोहनबाई गायला लागली. फरशीवरून, काचांवरून, छतावरून. माझी मेहुणी पदर तोंडाला लावून रडायला लागली. अगदी समोर बसल्यासारखी वाटते, असं म्हणाली. 'धुऊन बघा, रंग जायचा नाही,' आलं तेव्हा सगळे रडता रडता हसले. पोरांनी ते परत लावायला सांगितलं.

हितेश माझ्याजवळ येऊन बसला. माझा हात हातात घेतला. "पप्पा, आईच आहे ना?"

नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं. आता सांगतोच याला, म्हटलं, की अरे, ही ती नव्हे. आणि शेजारी ठेवून दाखवायला मी तो दुसरा आवाज शोधायला लागलो, गादीच्या मधोमधचा. शोध शोध शोधला. तिथे काहीच नव्हतं. होता तो हा एकच, फरशीचा आणि काचांचा, आणि तो कानावर पडताच मी ओळखला होता. मोहनबाई म्हणून.

"हो," मी म्हणालो. "आईच आहे."

हितेशनं डोळे पुसले आणि आवाज थोडा वाढवला.