कूलरचं तोंड

वीरप्पांना ज्वारीच्या कोठीची खोली मिळाली ती काही लाडाने नव्हे. बायको, गंगम्मा, पुरती वैतागली, म्हणून मिळाली.

तीस वर्षं सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवला, मग गुडघे बोलू लागले आणि हा माणूस उमरग्याच्या घरात येऊन बसला. दिवसभर ओट्यावर बसून लोकांच्या गाड्या बघायच्या, एवढंच काम उरलं. जेवणात लक्ष नाही, बोलण्यात नाही. लेकीने, महेश्वरीने, पुण्याहून एक खोका पाठवला. त्यात प्लास्टिकच्या एका छोट्या ट्रकचे तीनशे सुटे भाग होते, जोडून रंगवायचे. महिनाभरात वीरप्पा गुणगुणायला लागले. पण बैठक स्वयंपाकघरात होती, आणि एके दिवशी गंगम्माला भाकरीखाली ट्रकचं चाक सापडलं.

"कोठी देते," ती म्हणाली, "पण नवी ज्वारी येईस्तोवरच. आन् रंगाचा एक ठिपका जरी माझ्या पिठात दिसला, तर त्याच दिवशी टेबल भायेर."

वीरप्पांना तेवढं पुष्कळ होतं. त्यांनी पोती एका भिंतीला रचली, वर ताडपत्री टाकली. शाळेतून मोडीत निघालेलं टेबल आणलं, त्यावर दोन दिवे लावले. चिमटे, कानस, ब्लेड खिळ्यांना टांगले. एअरब्रश म्हणजे पेनाएवढी रंगाची पिचकारी, तिला हवा लागते. ती पंक्चरवाल्या बसप्पाच्या जुन्या कॉम्प्रेसरने भागवली. ज्वारीची धूळ ओल्या रंगावर बसते, म्हणून फवारण्याआधी जमिनीवर पाणी शिंपडायचं, हेही त्यांनी स्वतःच शोधून काढलं. राहिला प्रश्न उडणारा रंग खिडकीबाहेर ढकलण्याचा. त्यासाठी माळ्यावरचा पत्र्याचा कूलर उतरवला, पंप काढला, गवत नवं भरलं आणि तो खिडकीत बसवला. स्वतःच्या डोक्यावर माणूस बेहद्द खूश होता.

घोटाळा इथेच झाला. दर उन्हाळ्यात कूलर खिडकीत बसवायचा तो तोंड आत करून, हे हातांच्या अंगवळणी पडलेलं. हातांनी तसाच बसवला, आणि डोकं त्या वेळी लाल रंग कालवण्यात गुंतलं होतं. वीरप्पांनी तोंडाला फडकं बांधलं, छोट्या ट्रकची केबिन कूलरसमोर ठेवली, पिचकारी दाबली आणि दुसऱ्या हाताने बटण खाली केलं. कूलरने इमानेइतबारे बाहेरची हवा आत घेतली. लाल फवारा वीरप्पांच्या चष्म्यावरून निघाला, उघड्या दारातून थेट समोरच्या स्वयंपाकघरात गेला.

गंगम्मा परातीत पीठ मळत होती. पिठावर लाल ठिपके पडले, आणि तिच्या कपाळावरची विभूती गुलाबी झाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. भांडण मराठीत चालायचं, पण विषय संपला की ती माहेरच्या कानडीत शिरायची.

"साकु," ती म्हणाली. पुरे. "सांजच्याला टेबल भायेर पायजे."

चूक वीरप्पांचीच होती. टेबलाचं दुःख नव्हतं. पुन्हा त्या ओट्यावर जाऊन बसायचं, याचं होतं. दुपारी चिमटे काढायला ते कोठीत गेले, आणि निघता निघता त्यांनी कूलरचं तोंड फिरवलं. निदान आपलं डोकं बरोबर होतं की नाही, एवढं तरी बघावं. पंखा सुरू करून ते गुपचूप सामान भरत बसले.

त्याच वेळी गंगम्माने काळ्या तिखटाच्या मिरच्या भाजायला घेतल्या. दरवर्षी या दिवशी अर्धी गल्ली खोकते. तिने नाकाला पदर लावला, डोळे बारीक केले आणि वाट बघितली. खकाणा आलाच नाही. कढईतला धूर उठायचा, दाराकडे वळायचा आणि सरळ कोठीत शिरायचा. तिथून तो खिडकीबाहेर पडत होता, वाटेतल्या वीरप्पांना चांगलं झोडपून. ते खोकून खोकून लाल झाले होते आणि आंधळ्यासारखे बटणाकडे हात नेत होते. तेवढ्यात दारात गंगम्मा उभी राहिली.

"बंद करू नगा," ती म्हणाली. "अजून दोन किलो हायेत."

ते शेवटच्या मिरचीपर्यंत खोकत बसले. संध्याकाळ झाली, टेबलाचा विषय निघाला नाही. वीरप्पांनीही काढला नाही. पण ज्वारी यायची होतीच, आणि तो करार मोडलेला नव्हता.

चार दिवसांनी टेम्पोवाला गोरोबा नव्या ज्वारीची पोती घेऊन आला. कोठीचं दार त्याला वर्षानुवर्षं माहीत. पहिलं पोतं पाठीवर घेऊन तो तिकडेच वळला. आत वीरप्पांच्या हातात केबिन होती, तिच्यावर लाल रंग अजून ओला होता. त्यांनी ती खाली ठेवली आणि उठायला टेबलाचा आधार घेतला.

"तिकडं कुठं निघालास?" बाहेरून गंगम्माचा आवाज आला. "भायेरच्या खोलीत टाक, दिवाणाजवळ. कोठीत ह्यांचं काम चाललंय."

तीस वर्षं गाडी चालवली, ते काम होतं. त्यानंतर हा शब्द वीरप्पांच्या वाट्याला आला नव्हता. ते परत खाली बसले. चष्मा पुसला, पण तो स्वच्छच होता.