दुसऱ्या गिअरची बगल

मी कोण हे अण्णांना घरात आठवायचं नाही; ट्रॅक्टरवर बसले की आठवायचं. कुणाला पटो न पटो, पटवत बसायची मला हौस नाही. स्वयंपाकघरात मला ते "बाई, पाणी मिळेल का?" असं विचारायचे आणि त्याच दुपारी सीटवर चढून ओरडायचे, "चिमणे, बाजूला हो, भुगा होईल तुझा!" मी पन्नाशीची चिमणी, पण त्या हाकेसाठी हातातलं काम टाकून अंगणात धावायचे. वडील म्हणून माझ्याकडे तेवढेच उरले होते.

ट्रॅक्टर त्यांच्या तरुणपणीचा. गिअरच्या दांड्याला खालच्या गिअरबॉक्सशी जोडणाऱ्या सळ्या, पिना, बुश सगळं झिजून खिळखिळं झालेलं. दुसरा गिअर टाकायचा तर दांडा आधी उगाचच चौथ्याकडे न्यायचा, तिथून गुडघ्याने रेटायचा आणि मग मागे ओढायचा. अण्णा याला 'बगल देणं' म्हणायचे. "सरळ मागितलं तर हा देत नाही. आधी बगल द्यायची, मग ओढायचं." माझ्या दादाला ते कधी धड जमलं नाही, आणि तो मेकॅनिक.

मग एका सकाळी दोन गिअर एकदम पडले आणि ट्रॅक्टर फाटकातच जाम झाला. अण्णा रडकुंडीला आले. दादाने खटपट करून गिअर सोडवले आणि म्हणाला, "आता हे झिजलेलं काढायलाच हवं. चालता चालता अडकला तर अण्णा तोंडावर पडतील." त्याचं काहीही चुकलं नव्हतं. आधीच सांगते, उगाच कुणी त्याच्याकडे बोट दाखवायला नको.

काम त्याने जीव ओतून केलं. गंजलेल्या पिना तेल पाजून ठोकून काढल्या, नवे बुश बसवले, वाकलेली सळी सरळ केली, टोकाचा नट फिरवून तिची लांबी जुळवली. दांडा दोन बोटांनी हलायला लागला.

"बघ," दादा मला म्हणाला, "आता अण्णांच्या हाताला काही त्रासच नाही."

अण्णा चढले. क्लच दाबला. दांडा चौथ्याकडे नेला आणि तो शहाण्यासारखा चौथ्यातच जाऊन बसला. त्यांनी गुडघ्याने रेटलं, तो हलेना. क्लच सोडला तसा गचका बसून इंजिन बंद पडलं. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"अण्णा, आता बगल नको. सरळ मागे ओढा," दादा म्हणाला.

अण्णांनी हात दांड्यावरून काढून मांडीवर ठेवला. मी चाकाजवळ मुद्दाम अगदी वाटेत उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सावकाश उतरले आणि दादाला अदबीने म्हणाले, "मालक, गाडी छान ठेवलीत हो. आमचा ट्रॅक्टर तेवढा द्या, घरी निघायचंय."

दादाने भंगारातून जुने बुश हुडकून काढले, जुन्या पिना घातल्या, सरळ केलेली सळी पुन्हा वाकवली. वेडा झाला होता तो. पण कितीतरी वर्षं एकमेकांवर घासून झिजलेली जागा एकदा सुटली की परत तशी बसत नाही. दांडा पुन्हा सैल झाला, पण बगल काही आली नाही. अण्णा तर जवळही येईनात. परक्याच्या वस्तूला कसा हात लावायचा?

आता रोज दुपारी ते शेडच्या दारात येऊन उभे राहतात.

"मिस्त्री, झालं का आमचं काम?"

दादा मान वर करत नाही. "अजून नाही. उद्या या."

काल तिथून वळताना त्यांना मी पायरीवर बसलेली दिसले.

"बाई, तुमचाही खोळंबा झालेला दिसतोय. कुणाची वाट बघताय?"

"वडिलांची," मी म्हणाले.

"येतील हो," अण्णा म्हणाले आणि माझी सोबत म्हणून शेजारी बसले.