वकीलबाईंचा कुकर

दुकानात कुणी आलं की बाबा आधी माणसाकडे पाहत नसत, त्याच्या हातातल्या कुकरकडे पाहत. गिऱ्हाईक बिचारं नमस्कार करत असायचं आणि बाबा झाकण उचलून आत डोकावत असायचे, जणू खरी ओळख तिथेच व्हायची होती. त्या सकाळी मात्र झाकण उचलायचीही गरज पडली नाही. भांड्याची मूठ लाल होती आणि झाकणाची काळी. ही विजोड जोडी बाबांनीच एकदा जमवली होती, कारण त्या दिवशी दुकानात काळी मूठ एकच उरली होती. "लाल तर लाल," वकीलबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "मी काय हा घेऊन कोर्टात उभी राहणार आहे?"

"अरे, हा तर वकीलबाईंचा कुकर!" बाबा ओरडलेच. मग त्यांनी मान वर केली. समोर हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांतली एक तरुण बाई उभी होती. "सासूबाई बऱ्या आहेत ना?"

ती जरा दचकली, मग तिचा चेहरा उजळला. "बऱ्या आहेत की. गुडघे तेवढे दुखतात."

"दुखणारच. वय झालं. सांगा त्यांना, कुकरवाल्यानं विचारलंय म्हणून."

रिंग बदलून ती गेली, आणि संध्याकाळपर्यंत बाबांच्या डोक्यात सगळं पक्कं झालं. वकीलबाई परत आल्या. मुलगा, सून, सगळा गोतावळा घेऊन आल्या. पाच वर्षांपूर्वी ही गल्ली एकेक करून रिकामी झाली होती. कुणी शहराबाहेर लांब घर घेतलं, कुणी मुलाकडे दुसऱ्या गावी गेलं. घर चालवणं परवडेना तेव्हा ज्याला जिथे जमलं तिथे तो गेला. तेव्हापासून मोठ्या मापाच्या रिंगा दुकानाच्या भिंतीवर तशाच लटकत होत्या, काळ्या बांगड्यांच्या जुडग्यांसारख्या. मागणी यायची ती लहान कुकरांच्या रिंगांना, कारण उरली होती ती म्हातारी जोडपी. आणि आता गेल्या वर्षापासून त्या मोठ्या रिंगा पटापट खपू लागल्या होत्या. भिंतीवर नुसते खिळे उरले होते.

"मोठा कुकर म्हणजे मोठं कुटुंब," जेवताना बाबा म्हणाले. "यात काही शंका?"

ताईने घास खाली ठेवला. "कशावरून?"

बाबांनी छताकडे पाहून हात जोडले. लहानपणापासून ही पोरगी कुठल्याही गोष्टीला हेच विचारायची. धाकट्या भावाने तर तिचं नावच 'कशावरूनताई' ठेवलं होतं. पुढे ती रसायनशास्त्र शिकली, शहराचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली, आणि तिला हाच प्रश्न विचारायचा पगार मिळू लागला.

"तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही," बाबा म्हणाले. "मी धाकट्याशी बोललोय. रविवारी येतोय तो. बायको आणि छोटी, दोघींना घेऊन. शेजारचा गाळा रिकामा झालाय, तो घेऊ. तो इथे बसेल, मी तिथे. शहर पुन्हा भरतंय, मग आपलंच घर का रिकामं?"

म्हणजे प्रकरण इथपर्यंत आलं होतं. धाकटा तीन वर्षांपूर्वी भाड्याला कंटाळून लहान गावात गेला होता. तिथल्या फरशीच्या गोदामात नोकरी होती, मनाजोगी नव्हती, पण दोन खोल्यांचं घर होतं आणि छोटी पायी शाळेत जात होती. आता बाबांच्या एका फोनवर तो ते सगळं सोडायला निघाला होता.

"मला तो म्हणाला," बाबा हळूच म्हणाले, "ताईला विचारतो, ती हो म्हणाली तर बांधाबांध करतो. तर तू हो म्हण. तेवढंच कर."

ताईने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिला राहून राहून एकच गोष्ट खटकत होती. वकीलबाईंच्या कुकरातून निघालेली जुनी रिंग तिने कचऱ्यातून उचलून पाहिली होती. ती कडक झाली होती, काठाला बारीक भेगा पडल्या होत्या. ही रिंग बसवून जेमतेम चार महिने झाले होते. ती बाबांच्याच दुकानातून सुटी नेऊन घरी बसवली होती, असं त्या बाईनं बाबांना सांगितलं होतं.

"हल्लीचं रबरच तसलं," बाबा म्हणाले.

"पण ही त्याच जुडग्यातली ना, ज्यातली तुम्ही कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाईंना दिलीत?"

"त्याच."

दुसऱ्या दिवशी ताई मास्तरीणबाईंकडे चहाला गेली आणि त्यांच्या कुकरची रिंग काढून बोटांनी वाकवून पाहिली. मास्तरीणबाईंना वाटलं, बाप कुकरवाला आहे तर लेकीला खोड असणारच. त्यांच्या मुली परदेशी असल्या तरी नातवंडांच्या नावाने मोठा कुकर त्यांनी टाकलेला नव्हता. दिवसातून एकदा त्यात नवरा-बायकोपुरतं शिजायचं. वर्षाची झालेली रिंग अजून मऊ होती. म्हणजे रबरात खोट नव्हती. रबर कडक होतं ते उष्णतेनं, आणि किती लवकर, ते उष्णता किती वेळ लागली यावर. वकीलबाईंच्या घरात कुकर कुटुंबात लावतात तसा दोन वेळा लागत नव्हता. तो जवळजवळ दिवसभर चुलीवर होता.

कोण जेवत होतं एवढं?

आणखी एक गोष्ट तिच्या आता लक्षात आली. दुकानात वरच्या फळीवर कुकरचे डबे ठेवलेले होते, लहानमोठे. मोठे डबे नेहमी जायचे. सगळ्यात छोटे डबे, ज्यांत बाळाचा मऊ भात वेगळा लावतात, त्यांच्या चळतीवर बोटभर धूळ बसली होती. आणि शेजारचा गाळा रिकामा झाला होता तो कुणाचा? लहान मुलांच्या कपड्यांचा. बाबांना त्यात गाळा दिसला होता; कपडे दिसले नव्हते.

सुदैवाने निळ्या कपड्यांतली ती बाई कुकरची शिट्टी काउंटरवरच विसरून गेली होती. शनिवारी दुपारी ताई ती पर्समध्ये टाकून वकीलबाईंच्या घरी गेली. दारावर अजून वकीलबाईंच्या नावाची पितळी पाटी होती, न घासल्यामुळे काळवंडलेली. दारापाशी चपलांची ओळ भलीमोठी होती. ताईने सवयीने पाहिलं. सगळ्या बायकांच्या, सगळ्या जवळपास एका मापाच्या. एकही छोटी चप्पल नव्हती, एकही पुरुषाचा जोडा नव्हता.

दार उघडलं एका पन्नाशीच्या बाईनं. केसांना पंचा गुंडाळलेला, हातात पळी.

"शिट्टी द्यायला आले," ताई म्हणाली. "कुकरच्या दुकानातून."

"अगं बाई, देवासारखी आलीस! तेव्हापासून शिट्टीच्या जागी वाटी उपडी घालून भागवतेय. ये आत. हळू हं, पडद्यापलीकडे रात्रपाळीवाल्या झोपल्यात."

हॉलमध्ये दोन कपाटं पाठीला पाठ लावून उभी केली होती आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना पलंग होते. आतल्या प्रत्येक खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती, आणि एक सोडून सगळ्यांना कुलूप. स्वयंपाकघरात मात्र कुठेही कुलूप नव्हतं. तिथे शेगडीवर, लाल आणि काळ्या मुठीचा, वकीलबाईंचा कुकर होता.

"वकीलबाई कुठे असतात?" ताईने विचारलं, उत्तर ठाऊक असूनही.

"कोण? पाटीवरच्या? मी तर त्यांना पाहिलंही नाही. त्यांचा मुलगा भाड्यासाठी महिन्याला फोन करतो. भांडी घराबरोबरच मिळाली." ती स्वतः एका ऑफिसच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची, घरातल्या सगळ्या तिला मावशी म्हणत. "मी पहाटे लावते, या दवाखान्यातल्या दुपारी लावतात, आणि मॉलमधल्या पोरी रात्री येऊन लावतात. आम्हाला एकेक पाळी, पण याला तीन. घरात सगळ्यात जास्त राबतो तो हाच, आणि भाड्यात वाटा मात्र देत नाही मेला."

ताई हसली. मग तिने शिट्टी व्यवस्थित बसवून दिली, कारण वाटीचे दिवस ऐकून तिच्या अंगावर काटा आला होता.

निळ्या कपड्यांतली बाई आतल्या खोलीतून आली. हातात फोन, फोनमध्ये चारेक वर्षांचा एक मुलगा गाल फुगवून बसलेला. "आ कर. आ कर बघू. मी बघतेय हं," ती सांगत होती, आणि पडद्यावर एका म्हाताऱ्या बाईचा हात छोट्याशा डब्यातून भात काढून त्याच्या तोंडाशी नेत होता. ताईने तो डबा लगेच ओळखला. सगळ्यात छोटं माप.

"मी बघितल्याशिवाय गिळतच नाही," फोन ठेवून ती म्हणाली. "तुम्ही दुकानातल्या ना? तुमच्या बाबांनी सासूबाईंची चौकशी केली. इतकं बरं वाटलं मला! या शहरात मला कुणी घरच्यांचं विचारत नाही. मी त्यांना फोनवर सांगितलं सुद्धा."

"मुलाला इकडे नाही आणत?"

"आणून ठेवू कुठे, कपाटावर?" मावशीच मधे बोलली. "एका पगारात खोली येते, दुसऱ्या पगारात पोराला सांभाळणारी. मग खायचं काय, कुकर? माझे दोन त्यांच्या आजीकडेच मोठे झाले. आता मिशा फुटल्यात, फोनवर मला अहो-जाहो करतात." ती हसली, पण पळी तिने उगाचच दोनदा धुतली.

परत येताना ताई नेहमीपेक्षा हळू चालली. कोडं सुटलं होतं आणि सुटल्याचा नेहमीचा आनंद मात्र होत नव्हता. लोक परत आले होते, हे बाबांचं खरं होतं. फक्त कुटुंबं आली नव्हती. कुटुंबातला कमावता तुकडा इथे आला होता आणि जेवू घालायचा तुकडा मागे राहिला होता. मोठा कुकर इथे आणि छोटा डबा तिथे. प्रयोगशाळेत उत्तर सापडलं की काम संपायचं. इथे उत्तर घरी न्यायचं होतं.

रविवारी धाकटा आला. बाबांनी दुकान धुऊन काढलं होतं. छोटी आल्या आल्या "आत्या!" म्हणत ताईच्या कमरेला बिलगली आणि मग शिडीवर चढून फळ्या तपासू लागली. भावजय स्टुलावर टेकली.

"बोल कशावरूनताई," धाकटा म्हणाला. "बांधू का सामान?"

ताईने सगळं सांगितलं. रिंगा, चपला, कपाटं, फोनमधला डबा. लांबण न लावता आणि काही न झाकता.

बाबांनी जवळचा एक कुकर पुढ्यात ओढला. "पण सासूबाई बऱ्या आहेत म्हणाली ना ती."

"तिच्या सासूबाई, बाबा."

"हं." त्यांनी समोरचं झाकण उचललं, आत पाहिलं, पुन्हा ठेवलं. "आणि मी आपला वकीलबाईंच्या गुडघ्यांची काळजी करत बसलो."

धाकटा मात्र पुढे सरकला. "थांबा जरा. धंदा तर आहे ना? चार महिन्यांनी रिंग जाते म्हणजे वर्षातून तिप्पट गिऱ्हाईक."

"आहे," ताई म्हणाली. "वाढेलही."

"मग झालं तर! मी एकटा येतो. मागच्या खोलीत पडेन बाबांबरोबर. या दोघी तिथे राहतील, महिन्यातून एकदा जाऊन येईन. सगळे तेच करतायत."

"सगळे म्हणजे कोण?" भावजयीने विचारलं. आवाज चढवला नव्हता, पण धाकट्याने तिच्याकडे पाहायचं टाळलं.

ताईने खरं सांगितलं होतं ते या तिघांचं घर मोडू नये म्हणून, आणि त्याच खऱ्यातून भावाने हे बाहेर काढलं होतं. ती बोलायला तोंड उघडणार, तोच बाबा म्हणाले, "यायचं नाही."

"अहो, तुम्हीच बोलावलंत!"

"मी तिघांना बोलावलं होतं. एकाला नाही."

"बाबा, तिथल्या गोदामात मी आयुष्यभर फरशा मोजू का?"

बाबा शिडीपाशी गेले. छोटी वरच्या फळीवरचा एक डबा पोटाशी धरून बसली होती, फ्रॉक धुळीने माखला होता. त्यांनी तिला खाली उतरवलं, मग छोट्या डब्यांची अख्खी चळत उतरवली आणि फडक्याने एकेक डबा पुसू लागले.

"तुझ्या त्या गावात कुकर कोण दुरुस्त करतं?"

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. "कुणी नाही," तीच म्हणाली. "बिघडला की लोक तालुक्याला पाठवतात. मी गेल्या महिन्यात ह्यांच्याकडूनच शेजारणीचा करून घेतला. मग तिची जाऊ आली, मग जावेची बहीण."

"हे मला कुणी सांगितलं नाही," बाबा म्हणाले. "माझा पान्यांचा दुसरा संच घेऊन जा. रिंगा देतो, लहान-मधल्या मापाच्या. आणि हे डबे. इथे पडून राहिलेत, तिथे खपतील. आधी संध्याकाळी बस, गोदाम सुटल्यावर. जमलं तर सोड गोदाम."

"खपतील? कशावरून?" धाकटा म्हणाला, आणि ताई इतक्या दिवसांत पहिल्यांदा खदखदून हसली.

"कशावरून ते मला काय माहीत?" बाबा म्हणाले. "रिंगा बसव आणि परत कधी येतात ते बघ. वर्षाने आल्या तर समज, घरं भरलेली आहेत. मला कळव. ताईलाही कळव, नाहीतर ती स्वतः तपासायला येईल."

"आणि चार महिन्यांत आल्या तर?" भावजयीने विचारलं. ती डबे एकात एक घालून पिशवीत भरू लागली होती.

बाबांनी हातातला शेवटचा डबा उजेडाकडे धरला, आत पाहिलं, आणि तो छोटीच्या हातात दिला.

"तर तिथल्या कुकरांनाही तीन पाळ्या लागल्या समज. मग मोठ्या मापाच्या रिंगा पाठवतो," ते म्हणाले.