गोठलेली नदी आणि अल्डिथचं जातं

मित्रांनो, मी इंग्लंडमधल्या एका लहानशा नदीकाठची पाणचक्की. मला उभी करून शेकडो वर्षं झाली, तरी एका हिवाळ्याचा गोंधळ माझ्या मनातून जात नाही.

गावाजवळच्या मठाने मला बांधलं, तेव्हा माझं चाक बघायला बाया धावत आल्या. "चला, आता जातं ओढून दंड तरी भरून यायचे नाहीत," त्या म्हणाल्या. मी सुखावले. मग मठाचा हुकूम निघाला. दळण चक्कीवरच आणायचं, त्यातला वाटा मठाला द्यायचा. माझ्या चक्कीवाल्याने, ऑस्बर्टने, कुणी घरी दळू नये म्हणून घरोघरची दगडी जाती फोडली. तेव्हापासून त्याच बाया माझ्याकडे बघून बोटं मोडू लागल्या. मी तर पूर्वीसारखीच दळत होते. माझं काय चुकलं, मला कळेना.

त्या हिवाळ्यात नदी गोठली. चाक बर्फात रुतलं. साऱ्या गावाचे गहू आणि जव माझ्या दारात पडून राहिले. मुलं अख्खे जव उकडून खाऊ लागली. मठातलेही पाव संपले.

एका सकाळी विधवा अल्डिथ घसरगाडीवर काहीतरी ओढत आली. गोणपाट काढलं, तर खाली जातं.

ऑस्बर्ट चपापला. "हे कुठून आणलंस?"

"गोठ्यात शेणाखाली होतं. फोडायचं तर फोड, नाहीतर खुंट्याला हात लाव."

"मठाला कळलं तर माझी धडगत नाही, बाई."

"मठाचं पोतंही इथेच पडलंय ना? आधी तेच दळायला घेऊ."

ऑस्बर्ट गुडघ्यावर बसला आणि जातं ओढू लागला. मग बाया आल्या, पाळीपाळीने दळू लागल्या, गाऊ लागल्या. माझ्या घरात इतकं हसू कधी ऐकलं नव्हतं. मी मात्र मुकी उभी होते. लाजावं की आनंदावं, तेच समजत नव्हतं.

बर्फ वितळल्यावर मठाचा कारभारी आला. जात्यापाशी थबकला. "हे कुणाचं?"

बाया खाली बघू लागल्या. अल्डिथ पुढे होणार, तोच ऑस्बर्ट बोलला, "चक्कीचंच आहे, मालक. पाणी अडलं की लागतं."

कारभाऱ्याने त्या पिठाचे पाव खाल्ले होते. तो जात्याला हात न लावता निघून गेला. अल्डिथ जात्यापाशी बसली आणि रडली.

मित्रांनो, माझ्या पाटात आता गाळ साचलाय. जमलं तर तो काढा, माझं छप्पर शाकारा. पण माझ्याकडे यायची सक्ती कुणावर करू नका. कुणी आपण होऊन आलं, की माझ्या दगडांना जडपणा वाटत नाही.