पाच वाट्यांतला टोमॅटो

बावीस वर्षं मी विमा कंपनीत क्लेम तपासते आहे. दुकान जळालं की माणसं रडत येतात. मी त्यांना पाणी देते आणि हळूच विचारते, सगळं दुकान जळालं, मग तुमच्या लग्नाचा अल्बम नेमका त्याच आठवड्यात बहिणीकडे कसा गेला? खोटं बोलणारा माणूस गरजेपेक्षा जास्त तपशील देतो, हे या नोकरीने मला शिकवलं. ही खोड घरात येताना चपलांबरोबर दाराशी काढून ठेवावी, असं माझी नणंद म्हणते. ती निघत नाही, त्याला मी काय करू?

तर आमच्या ह्यांच्यावर माझा संशय बळावला तो टोमॅटोवरून.

हे सॉसच्या कारखान्यात चव तपासायचे. सव्वीस वर्षं तेच काम. कोमट पाण्याने चूळ भरायची, चमचाभर रस तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि सांगायचं, हा माल घ्या, हा परत पाठवा. ट्रकवाले ह्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे म्हणे. आमच्या घरामागच्या तुकड्यात टोमॅटोची आठच रोपं मावतात, पण त्यांची निवडही कारखान्याच्या थाटात व्हायची. दरवर्षी लागवडीआधीच्या एका रविवारी नर्सरीतून पाच जातींची पिकलेली फळं पाच पिशव्यांतून यायची, प्रत्येक पिशवीवर नंबर. मी साली काढून सारख्या फोडी करायच्या, पाच वाट्या भरायच्या आणि माझा जुना स्कार्फ ह्यांच्या डोळ्यांवर बांधायचा, कारण रंग दिसला की जीभ फसते. मी नंबर सांगत वाटी पुढे करायची, हे चव सांगायचे, आणि जी जात जिंकेल तिचीच आठ रोपं लागायची. मला स्वतःला टोमॅटो आंबट आहे की कमी आंबट, एवढंच कळायचं. सव्वीस वर्षांच्या जिभेपुढे आपण कशाला तोंड उघडायचं, म्हणून मी गप्प बसायचे.

दोन वर्षांपूर्वी ह्यांनी अचानक नोकरी सोडली. निवृत्तीला तीन वर्षं बाकी होती. का, तर म्हणे गुडघे दुखतात. चव खुर्चीत बसून बघतात, तिला गुडघे लागतात हे मला तेव्हा नव्यानेच कळलं. कुठेतरी पाणी मुरतंय असं मला त्याच दिवशी वाटलं होतं, पण मी मनावर घेतलं नाही.

मग नर्सरीच्या फेऱ्या वाढल्या. आधी आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड. दुखरे गुडघे तिथवर बरोबर चालायचे. नर्सरी एक बाई चालवते. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, पायात रबरी बूट, कोपरापर्यंत माती आणि हसणं असं की रस्त्यापर्यंत ऐकू यावं. मी एकदा-दोनदा सोबत गेले तेव्हा ती माझ्याशी फार अदबीने वागली. इतकी अदब मला क्लेम मागणाऱ्यांकडूनच मिळते.

आणि जेवताना हे माझ्याकडे टक लावून बघायला लागले. आयुष्यभर डोळे मिटून जेवणारा माणूस. पहिला घास घेतला की ह्यांचे डोळे आपोआप मिटायचे, आणि समोर मी आहे की कपाट, याचं भान नसायचं. आता घास घ्यायच्या आधी माझ्या चेहऱ्याकडे नजर, आणि मग "छान झालंय." रोज छान. मीठ विसरले त्या दिवशी तर "अगदी छान." मन खात असलं की माणूस असाच गोड वागतो. मी तशा किती फायली पाहिल्या आहेत.

मागच्या शनिवारी ह्यांचा शर्ट धुवायला घेतला आणि खिशात चिठ्ठी सापडली. गोल गोल, बाईचं अक्षर. 'एक – रस भरपूर, गोडी कमी. दोन – सौम्य, मुलांना आवडतो. तीन – आंबट, शिजवायला बरा. चार – आधी आंबट, मग गोड, शेवटी घशाशी ऊब. पाच – मांसल, पण वास कमी. चारच घ्या.'

चिठ्ठी टोमॅटोची आहे हे मला कळलं, मी काही खुळी नाही. पण रविवारी सकाळी डोळ्यांना स्कार्फ बांधून ज्यांनी चव सांगायची, त्यांच्या खिशात शनिवारीच उत्तरं कशी? म्हणजे निवड आधीच झालेली, आणि मी साली काढायच्या त्या नाटकासाठी. माझ्या घरामागे काय उगवायचं हे ती बाई ठरवणार, आणि नवरा माझ्यासमोर डोळे बांधून तिचं बोलणं पाठ म्हणून दाखवणार. मी चिठ्ठी होती तशी घडी करून खिशात परत ठेवली, शर्ट खुंटीला लावला आणि नणंदेला फोन केला.

"वहिनी, तुझं आपलं काहीतरीच," ती म्हणाली. "दादा आणि बाई? अगं, त्याला पायात दोन सारखे मोजे घालता येत नाहीत."

"मग चिठ्ठी कशाला लागते?"

"विचार ना त्याला सरळ."

सरळ विचारलं की सरळ उत्तर मिळतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एक महिना माझ्या टेबलावर बसावं.

मी त्यांना विचारलं नाही. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून किलोभर टोमॅटो आणले, सगळे एकाच ढिगातले. रविवारी सकाळी नर्सरीच्या पाच पिशव्यांतली फळं सोलून, चिरून, झाकून फ्रिजमध्ये ठेवली. आणि टेबलावर मांडलेल्या पाचही वाट्यांत भाजीवाल्याचा टोमॅटो घातला.

हे खुर्चीत बसले. चूळ भरली. मी स्कार्फ बांधला, जरा घट्टच.

"नंबर एक," मी म्हणाले.

ह्यांनी फोड तोंडात घोळवली, मान तिरकी केली. "रस भरपूर आहे. गोडी मात्र कमी."

"नंबर दोन."

"हा सौम्य. लहान मुलांना आवडेल असा."

तिसरा आंबट निघाला, शिजवायला बरा. चौथ्याला ह्यांनी भुवया उंचावल्या, क्षणभर थांबले, अगदी कारखान्यातल्यासारखे. "वा. आधी आंबट, मग गोड, आणि शेवटी घशाशी ऊब येते बघ."

पाचवी वाटी मी पुढे केलीच नाही. स्कार्फ ओढून काढला.

"पाचही वाट्यांत एकच टोमॅटो आहे," मी म्हणाले. "भाजीवाल्याचा. आता सांगा, तिच्याशी तुमचं काय चाललंय?"

ह्यांनी एक फोड उचलून नाकाशी नेली, परत ठेवली. मी वाट बघत होते ती भांडणाची. ह्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

"मला वास येत नाही," हे म्हणाले.

"काय?"

"दोन वर्षांपूर्वी तो आठ दिवस ताप आला होता ना? त्यात वास गेला. आंबट, गोड, खारट एवढंच जिभेला कळतं, तेही पुसट. बाकी सगळी चव नाकाची असते. काही उरलं नाही."

"म्हणून नोकरी सोडलीत?"

"पंधरा दिवस रेटलं. मदतनिसाचा चेहरा बघून माल पास करत होतो. मग लाज वाटली."

गुडघ्यांवरून मी किती वेळा बोलून दाखवलं होतं, ते मला एकामागून एक आठवायला लागलं.

"आणि तिला कधी सांगितलंत?"

"सांगितलं नाही. तिनेच पकडलं. तिच्याकडे खताचा ड्रम फुटला होता, सगळे नाक धरून पळाले, आणि मी शेजारी उभा राहून तिला मिरचीच्या रोपांचा भाव विचारत होतो." ह्यांना किंचित हसू आलं, मग ते गेलं. "मग ती म्हणाली, मी चवी लिहून देत जाते. घरी कळायला नको असेल तर."

"घरी का कळायला नको होतं?"

"तू तपास केला असतास. रोज, प्रत्येक घासाला. हे कळतं का, ते कळतं का, कधीपासून, किती टक्के." हे टेबलावर बोट फिरवत होते. "आणि एकदा तुला कळलं की मग मी कोण? सव्वीस वर्षं लोक माझ्या तोंडाकडे बघत होते."

मला राग आला. आधी ह्यांचा, मग त्या बाईचा. माझ्या नवऱ्याचं एवढं मोठं दुःख तिला खताच्या ड्रमापाशी कळलं, आणि मी दोन वर्षं समोर बसून फक्त पुरावे गोळा केले. शेवटी राग माझ्यावरच येऊन थांबला.

"मग माझ्या जेवणाला रोज छान कशाच्या जोरावर म्हणत होतात?"

"तू पहिला घास घेतलास की तुझ्या कपाळाकडे बघायचो. आठी पडली नाही की छान म्हणायचो."

"आणि पडली की?"

"मग जरा जास्तच छान म्हणायचो."

मी उठले आणि भाजीवाल्याचे टोमॅटो पातेल्यात ओतले. काहीतरी करायला हवं होतं. मग फ्रिजमधून खऱ्या पाच वाट्या काढल्या, ह्यांच्यासमोर कागद-पेन ठेवलं आणि पहिली फोड माझ्याच तोंडात घातली.

"कसा आहे?" ह्यांनी विचारलं.

"बरा."

"बरा म्हणजे? जिभेच्या टोकाला काय लागलं? गिळल्यावर काय राहिलं?"

"मला नाही बाई असलं कळत."

"डोळे मिट आणि हळू चाव. घाई करू नकोस."

मी डोळे मिटले. सगळं धड सांगता येईना. एक टोमॅटो पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा लागतो म्हणाले, तर ह्यांनी ते तसंच लिहून घेतलं. दुसरा मात्र गिळला आणि वाटलं, अजून एक फोड खावी. चौथा खाल्ला. चांगला होता, घशाशी ऊबही होती. तरी मन दुसऱ्यावरच.

आणि तिथे मला माझाच संशय आला. दुसरा खरंच आवडला, की चौथा तिने निवडलाय म्हणून नकोसा झालाय? मी दोन्ही पुन्हा खाल्ले. पाणी पिऊन तिसऱ्यांदा खाल्ले. मी काय वाटेल ते सांगितलं असतं तरी ह्यांना पडताळून बघता येणार नव्हतं. इतका बिनबोभाट खपेल असा क्लेम मला आयुष्यात कुणी दिला नव्हता.

"मला दोन नंबर आवडलाय," मी म्हणाले. "पण तिची चिठ्ठी मी वाचली आहे. चार तिने सुचवला म्हणून मी दोन म्हणत असेन. खरं काय, ते मलाच कळत नाहीये."

ह्यांनी कागदावर दोनला गोल केला. "आठही रोपं दोनची."

"अहो, पण चुकलं तर?"

"तर वर्षभर तुलाच खायचेत," हे म्हणाले. "मला सगळे सारखेच."

मला खूप हसू आलं. हेही हसले. आणि हसता हसता मी रडायला लागले ते थांबेचना. हे नुसते वाट्या एकात एक घालत बसले.